फुलीबाईने धरलेले पाय

शहाद्याबाहेरच्या एका दवाखान्यात फुलीबाई अकरा वर्षं आया होती. दवाखान्याला डॉक्टरकीचं कॉलेज जोडलेलं. सातपुड्यातून येणाऱ्या बाळंतिणींची पावरी बोली वॉर्डात तिला एकटीलाच यायची, त्यामुळे तिच्याशिवाय तिथे पान हलत नसे.

मोठे साहेब राउंडला आले की मागे विद्यार्थ्यांची रांग. बाईला गरजेपुरतं सिस्टरने तपासलेलं असे. तरी एकेक जण हातमोजे चढवून पुन्हा आतून तपासायचा, शिकायला म्हणून. बाई ओरडायची. "काय म्हणते?" साहेब विचारायचे. "घाबरलीये, साहेब," असं म्हणून फुलीबाई तिचे पाय घट्ट धरायची. नोकरी अशीच टिकते, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

सुनिता धडगावकडच्या एका पाड्यावरून आली होती. वीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण. त्या दिवशी सहा विद्यार्थी होते, पाच मुलगे आणि एक मुलगी. पहिल्याचा हात लागला तशी सुनिता ओरडली नाही. मान वळवून तिने फुलीबाईकडे पाहिलं आणि पावरीत हळूच म्हणाली, "बाई, यांना सांग. मला नको."

"काय म्हणते?"

फुलीबाईच्या तोंडून निघून गेलं, "नको म्हणते, साहेब."

साहेब हसले. "नको तर सगळ्याच म्हणतात. पोट वाढवताना म्हणाली होती का? चला, पुढचा. मावशी, पाय."

दोघं-तिघं साहेबांबरोबर हसले. फुलीबाईने पाय धरले. शेवटी उरलेली ती मुलगी, रोशनी, रडत होती, पण तपासलं तिनेही. मार्क साहेबांच्या हातात होते.

संध्याकाळी सुनिताला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी ती घरी गेली. फुलीबाईला मात्र जेवण जाईना. शेवटी तिने रोशनीकडून तक्रारअर्ज लिहून घेतला. रोशनीने लिहिला, स्वतःचं नाव तेवढं कुठे येऊ दिलं नाही. वॉर्डातल्या वत्सलाबाई सिस्टर म्हणाल्या, "मावशी, गप ऱ्हाय ना. तुले काय करनं शे?"

चौकशीला तिघं बसले. त्यातल्या मॅडमनी सुनिताच्या भरतीचा कागद काढला. "शिक्षणासाठी तपासणीस संमती. हा पेशंटचा अंगठा. तिला समजावून सांगितलं म्हणून ही खाली सही कुणाची?"

सही फुलीबाईची होती.

"सांगितलं होतं का तिला?"

"असे गठ्ठेच्या गठ्ठे येतात, मॅडम. नुसता अंगठा घ्या म्हणतात."

"म्हणजे फसवलं तुम्ही." मॅडमनी कागद फाईलमध्ये सरकवला. "पेशंट स्वतः तक्रार देत असेल तर आणा. नाहीतर हे इथेच संपलं."

रविवारी फुलीबाई जीपने डोंगर चढून पाड्यावर गेली. सुनिताची सासू कमलीबाई हिने पाणी दिलं, खाट टाकली. नवरा पवन अंगणातच कुंपणाला काट्या बांधत होता. सुनिता लेकीला घेऊन दारात आली आणि फुलीबाईला बघून तिथेच थबकली. फुलीबाईला घाई झाली होती. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, सहा जण, साहेबांचं हसणं, चौकशी, आणि तक्रारीवर अंगठा घ्यायला कोरा कागद पुढे केला.

पवनचे हात थांबले. "पुरुष किती होते?"

सुनिताने लेकीला पदराआड घेतलं.

"सहांत पुरुष किती होते?"

"पाच," फुलीबाई म्हणाली. साहेब तिने धरलेच नाहीत.

कमलीबाईने खाटेवरचा तांब्या उचलून आत नेला. पवन कोयता टाकून उताराने खाली निघून गेला. तेव्हा कुठे फुलीबाईला कळलं, की या घरात आजवर कुणाला काहीच माहीत नव्हतं.

"तुझ्यासाठीच गं आले," ती म्हणाली. "मी त्यांना तुझं 'नको' सांगितलं होतं ना?"

"सांगितलंस," सुनिता म्हणाली. "आणि पाय धरलेस. आता इथे येऊन यांना सांगितलंस. मला विचारलंस?"

कागद कोराच परत आला. पुढच्या महिन्यात दवाखान्याला आया पुरवणाऱ्या ठेकेदाराने फुलीबाईचं नाव काढलं. ती म्हसावदकडे केळीच्या बागेत कामाला जाऊ लागली. तिथेच सुनिताच्या पाड्यावरच्या एका बाईने तिला सांगितलं, पवनने सुनिताला तान्ह्या लेकीसकट माहेरी पाठवलंय. घ्यायला येणार नाही म्हणाला.

फुलीबाईने त्या बाईला सुनिताचं माहेर कुठलं ते विचारलं. बाईने सांगितलं नाही.