टाचेचा ठसा

रोज सकाळी मी तळ्याच्या काठाने फिरायला जाते. परवा तिथे सखूमावशी अनवाणी उभ्या होत्या. टाच चिखलात दाबायच्या, पाय उचलायच्या आणि वाकून ठशाकडे बघत राहायच्या.

तळ्याचं पाणी ओसरलं की जी गाळाची जमीन उघडी पडते, ती त्या कसतात. टाचेच्या खळग्यात पाणी झिरपलं तर थांबायचं, खळगा कोरडा राहिला तर हरभरा पेरायचा, हे त्यांना सासूने शिकवलेलं. दिवाळीनंतर मागे सरलेलं पाणी पूर्वी पावसाळ्यापर्यंत परतत नसे. आता भर थंडीतही पाऊस कोसळतो. यंदा रोपं वीतभर झाली आणि तळं पुन्हा त्यांच्यावर चढलं.

"पाण्याचा राग नाही येत, मावशी?"

"राग कसला? जागा त्याचीच आहे. ते गेलं की आपण पेरायचं, ते आलं की उठायचं. पण आधी ठरल्या वेळेला यायचं, बाई. आता आपण जेवायला बसलो की दारात उभं."

मी तर छत्री माळ्यावर कधी टाकायची, एवढ्यावरूनही घरात कुरकुरते. मावशींची टाच आजही खोटं बोलत नाही. पण ती आजचंच सांगते, उद्याचं तिला कुठलं कळायला?

त्यांनी चार पावलं वर सरकून पुन्हा टाच दाबली. आम्ही दोघी बघत राहिलो. ठसा कोरडा राहिला. मावशींनी ओटीतल्या हरभऱ्यात हात घातला आणि तो तसाच ठेवून आधी आभाळाकडे पाहिलं. सासूने हे शिकवलेलं नव्हतं.