ताणावरची तीन झाडं

आई मोर्शीला येणार म्हटल्यावर मी दोन दिवस नुसती नाचत होते. इथल्या शाळेत गणित शिकवायला लागून सहा महिने झाले होते आणि फोनवर रोज माझं एकच टुमणं होतं, तू ये. आई अकोल्याच्या जुन्या शहरातून हलायची नाही. कारण नळ. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, आणि आपण गावाला गेलो की नेमका तेव्हाच येतो, असा तिचा ठाम विश्वास. शेवटी संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिनं पिंपं भरली, शेजारणीला दहादा बजावलं आणि निघाली.

मी राहायचे ते काकूंच्या घरातल्या एका खोलीत. काकू म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. बोलणं एक घाव दोन तुकडे, पण माझ्या डब्यात रोज काहीतरी जास्तीचं असायचं. काकांचा मोठा बगीचा गावाबाहेर होता. घरामागची संत्र्याची अकरा झाडं मात्र काकूंची एकटीची. "घरामांगं संत्रा होत नसते, वांगे लाव," असं काका म्हणायचे. काकूंनी ऐकलं नाही. पाच वर्षं झाडं जपली आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच बहार धरायला घेतला. आता अख्ख्या घराचं लक्ष त्या अकरा झाडांकडे.

बहार धरायचा तर झाडाला आधी तहानलेलं ठेवतात. डिसेंबरात पाणी बंद. पानं मलूल होतात, गळतात, बघवत नाही, पण बघत बसायचं. याला ताण देणं म्हणतात. महिना-दीड महिन्यानं ताण तोडून पाणी सोडलं की झाड फुलतं. मधेच पाणी मिळालं तर नुसती पालवी येते, फूल नाही. मोर्शीत हे मला शाळेत, किराणा दुकानात, बसस्टँडवर, सगळ्यांनी सांगून झालं होतं. आईला सांगायचं तेवढं मी विसरले. रात्री बारापर्यंत गप्पा मारायला मला बरा वेळ मिळाला.

संक्रांतीच्या सकाळी मी आंघोळीला गेले, काकू वाणाचं सामान आणायला बाजारात. आई मागच्या दारी आली. तिथं नळाला धो धो पाणी, पाइप जोडलेला, आणि समोर कोमेजलेली झाडं. तिला कुठलं राहवतंय? मी ओल्या केसांनी बाहेर आले तेव्हा तीन झाडांची आळी काठोकाठ भरली होती. आई चौथ्याकडे वळत होती, चेहऱ्यावर नुसतं समाधान. मी ओरडणार तेवढ्यात काकू फाटकातून आत आल्या.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, नळ बंद केला आणि म्हणाल्या, "ताई, झाडायले ताण देला होता." आणि घरात गेल्या. त्या दिवशी आमच्याकडे तिळगूळ घ्यायला आल्या नाहीत.

मी आईला सगळं समजावून सांगितलं. ती खाली बसली. "मले काय माईत वं? मले वाटलं, कोणाचं लक्ष नाई." चार दिवस राहायला आलेली बाई संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीमार्गे परत गेली. मला तिचा राग आला, माझा त्याहून जास्त आला.

पुढचा महिना मी शाळेत जायच्या आधी रोज मागच्या दारी. काकूंनी ताण तोडला, खत दिलं, पाणी सोडलं. एका सकाळी दार उघडलं आणि वासानंच कळलं. आठ झाडं पांढऱ्या कळ्यांनी गच्च भरली होती. मी गाऊनवरच धावत काकूंना हाक मारायला गेले. काकांनी झाडांभोवती दोन चकरा मारल्या आणि वांग्यांचं नाव पुन्हा काढलं नाही. ती तीन झाडं मात्र नुसती हिरवीगार.

आईला फोन केला. तिनं पहिल्यांदा विचारलं, "अन् ते तीन?" मी खरं सांगितलं. त्यानंतर वर्षभर ती मोर्शीला आली नाही. कधी गुडघा, कधी नळ. दिवाळीत काकूंनी पहिल्या बहाराची पेटी अकोल्याला पाठवली, तर तिनं ती गल्लीत वाटून टाकली. एक फोड तोंडात घातली नाही.

पण त्याआधीच, मे महिन्यात, काकूंनी त्या तीन झाडांना पुन्हा ताणावर घेतलेलं मी पाहिलं होतं. हिवाळ्यातला आंबिया बहार हुकला तर पावसाळ्यात मृग बहार घेता येतो, त्याची फळं फेब्रुवारीत उतरतात. पुढच्या फेब्रुवारीत आठ झाडं फळं तोडून रिकामी झाली होती, त्यांचा नव्या बहाराचा ताणही तुटला होता, आणि ही तीन केशरी, फांद्यांना टेकू द्यावे लागले. काकूंनी माझाच फोन घेतला आणि आईला म्हणाल्या, "ताई, तुमच्या झाडायले माल लागला. म्या हात लावला नाई. तुमी याल तवाच तोडीन, नाई तं सडू द्या तिथंच."

आई दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आली, घरी नळ यायचा दिवस असूनही.

तिनं पहिलं संत्रं तोडलं, सोललं, अर्धं काकूंना दिलं. दोघी उभ्यानंच खात होत्या, हातांवरून रस गळत होता. मला इतका आनंद झाला होता की मी उगीच फळांच्या पाट्या इकडच्या तिकडे करत होते. तोडा संपल्यावर काकूंनी नळ सोडला आणि पाइप आईच्या हातात दिला. "आता टाका. आता पायजे त्यायले."

आईनं एक आळं भरलं, दुसरं भरलं, तिसरं भरलं. चौथ्या झाडापाशी आली आणि पाइप बाजूला धरून थांबली. काकूंकडे पाहिलं.

"त्यालेबी," काकू म्हणाल्या.