मागं सरणाऱ्या बायका

अकोले तालुक्यातून संगमनेरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती रोज माझ्या शेजारी बसायची. चित्रकलेच्या कॉलेजची विद्यार्थिनी, बोटांना कायम शाई. मांडीवर पुठ्ठा, त्यावर कागद. गाडी धावत असली की पेन्सिल वर धरून ती खिडकीबाहेर बघत राही आणि थांबा आला की भराभर रेघा ओढी. एकेक चित्र जोडून ती कॉलेजसाठी व्हिडिओ बनवतेय, एवढं आम्हा रोजच्या प्रवाशांना ठाऊक होतं. कंडक्टरसुद्धा घंटी मारण्याआधी एकदा तिच्या हाताकडे बघून घ्यायचा.

एके दिवशी व्हिडिओ पुरा झाला. तिनं मोबाईल पुढे धरला आणि आम्ही सगळे वाकलो. चिखलानं भरलेल्या खाचरात बायका ओळीनं भाताची रोपं लावत होत्या आणि एकेक पाऊल मागं सरत होत्या.

"ताई, हा उलटा लागलाय," मागच्या सीटवरचा शहरी पाहुणा म्हणाला. "बायका मागं मागं चालल्यात."

ती हसली. "उलटा न्हाई, दादा. आमच्याकडं भाताची लावणी अशीच करत्यात. पुढं चालली, तर ही माझी आई आपलंच लावलेलं तुडवील की!"

पाहुणा जरा ओशाळला. मग हळूच मला म्हणाला, "हुशार आहे हो. कोणाची मुलगी?"

तिचं नाव मला आजही माहीत नाही. पण त्याच चिखलात मीही अशीच मागं सरत मोठी झाले होते.

"आमची हाय," मी म्हणाले.