हिल्जाकाकूची चिनी बंदूक

आमच्या तळ्याकाठच्या वस्तीत ओनी लेहतोलाकडे बेल्जियमची पॉइंट टू-टू बंदूक होती. पीळ दिला की नळी वेगळी, दस्ता वेगळा; दोन तुकडे पाठपिशवीत टाकून जंगलात निघायचं, अशी. बाजूला नाजूक कोरीवकाम. ओनी ती कातड्यातून काढायचा, तेल लावायचा, आल्यागेल्याला दाखवायचा आणि परत गुंडाळून ठेवायचा. घरात शिकार आणायची ती बायकोनं.

बायको म्हणजे हिल्जाकाकू. तिनं त्याच बंदुकीची चिनी नक्कल माझ्या दुकानातून घेतली. खोटं कशाला बोलू, माल यथातथाच होता. दस्ता खोक्याच्या फळीसारखा, चाप असा जड की बोट दुखावं, आणि नळी सांध्यात खुळखुळायची. ओनी भर दुकानात म्हणाला, "घे, घे. तुझ्या हाताला चिनीच शोभते." लोक हसले. काकूही हसली. माझं डोकं फिरलं, पण नवरा-बायकोच्या मध्ये दुकानदारणीनं पडून करायचं काय?

काकूनं मात्र त्या खेळण्याची बंदूक केली. चाप घासून हलका केला, सांध्याची कडी आवळत आवळत नळी पक्की बसवली, दस्त्याला जवसाचं तेल पाजलं. पुढं कितीतरी हिवाळे त्या घरात रानकोंबडी आणि ससा शिजला तो त्या नकलेच्या जिवावर. दोन्ही पोरं त्याच रश्श्यावर वाढली.

ओनी गेला. माती देऊन आलो, टेबलावर कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव मांडला, तो संपायच्या आत पोरांनी बंदुका काढल्या. थोरला आर्वो सडबरीच्या खाणीत, धाकटा कालेवी थंडर बे शहरातल्या कागद गिरणीत. दोघांनाही बापाची अस्सल हवी. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागं रिकामे डबे मांडून त्यांनी दोन्ही पारखल्या. अस्सल बंदुकीत पडून पडून तेलाचा चिकटा झालेला. काडतूस अडकतच होतं. चिनीनं एकही डबा सोडला नाही.

"आयला, ही तर लोण्यासारखी चालते!" कालेवी म्हणाला.

"तुझ्या आईची आहे ती," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

आता दोघांना दोन्हीही हव्या झाल्या. अंगणात इतकी जुंपली की पाद्रीबाबा टोपी घालून निघून गेले. शेवटी आर्वोनं तोडगा काढला. "अस्सलची नळी माझी, दस्ता तुझा. उरलेला तुकडा चिनीतून घेऊ. बाबा दोघांनाही अर्धे अर्धे."

"आणि मी?" काकूनं विचारलं.

"आई, तू आता या वयात बर्फात कुठं हिंडतेस? स्वस्थ बस. मटण आम्ही पाठवू की."

काकूनं दोघांना उरलेला पाव बांधून दिला. मी तिच्या जागी असते तर एकेकाच्या कानाखाली दिली असती.

थंडी पडल्यावर ती दुकानात आली.

"मटण आलं का गं, काकू?"

"नाही. कालेवीचा फोन आला होता."

"चला, आठवण तरी झाली."

"त्याची नळी हलते म्हणे. मी कशी बसवायचे, ते विचारत होता."

"आणि तू सांगितलंस?"

"सांगितलं. दोनदा सांगितलं, त्याला पटकन कळत नाही."

"माझी बंदूक घेऊन जा," मी म्हणाले. तिनं नको म्हणून मान हलवली. ती पुन्हा शिकारीला निघाली तर पोरांचा शब्द खोटा पडल्याचं गावाला दिसेल, याचीच तिला भीती होती.

मग ती मांसाच्या डब्यांच्या फळीपुढं जाऊन उभी राहिली, एकेक डबा हातात घेऊन बघत.

"यातलं खाण्यासारखं कुठलं असतं गं?" तिनं विचारलं. "मी कधी विकतचं घेतलंच नाही."