निळ्या उजेडातला चेहरा

"दार लावा आधी," हे त्यांचं पहिलं वाक्य. रसायनशास्त्र विभागात, माझ्या शेजारच्या प्रयोगशाळेत, हे प्राध्यापक इरिडियम धातूभोवती रेणू बांधतात. मोबाइलच्या पडद्यासाठी, कमी विजेत जास्त उजेड देणारे. लाल जमला, हिरवा जमला. निळा काही टिकत नाही. बोलणं अजून त्यांच्या पाचोड गावचंच, थांबत थांबत. "हवा लागली की मंदावतो. ऑक्सिजन खातो त्याला. म्हणून आधी नायट्रोजन सोडायचा, मग बघायचं."

नवा नमुना झाला की अंधाऱ्या खोलीत बोलावतात. मला, शिपायाला, औरंगपुऱ्यातून काचसामान घेऊन आलेल्या माणसालासुद्धा. अतिनील दिव्याखाली कुपी निळी उजळते. आपण कुपीकडं बघतो, ते आपल्या चेहऱ्याकडं. मग "लई वेळ नाय टिकायचा," म्हणत दिवा बंद करतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी विसरलेला चार्जर आणायला गेले, तेव्हा विभागात चिटपाखरूही नव्हतं. अंधाऱ्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत कुपी उजळली होती आणि तिच्यामागं छोटा आरसा टेकवून ठेवला होता. ते आरशात बघत होते.

माझी चाहूल लागली तसा त्यांनी आरसा पालथा घातला.

"या," म्हणाले. "दार लावा आधी."