दाजींचा ताशी दर

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकच दर दोन माणसांना कधी सांगितला नाही, आणि सांगितलेला दर बरोबर आहे याबद्दल त्यांना क्षणभरही शंका आली नाही. कोल्हापूर जिल्ह्यात खोदाईची मशीनं पुष्कळ असतील, पण एकदा जमिनीकडं आणि एकदा मालकाच्या तोंडाकडं बघून "तासाला साडेअकराशे!" अशी आरोळी ठोकणारा माणूस एकच. आरोळी म्हणजे तरी कशी? शेजारच्या शिवारात भांगलणाऱ्या बायका खुरपं थांबवून वर बघायच्या.

दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. नात्यानं माझे साडू. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि ते मला गेली तीस वर्षं 'पावणं' म्हणतात. माझं नाव त्यांना ठाऊक असावं, कारण लग्नपत्रिकेत होतं. त्यांच्याकडं एक पिवळं मशीन आहे. पुढं फावडं, मागं सोंड. बंगल्याचा पाया, शेततळं, विहीर, पाइपलाइनची चर, काय म्हणाल ते खोदून मिळेल. हिशोब तासावर. बाकीचे मशीनवाले फोनवर दर सांगून मोकळे होतात. दाजींना ते पटत नाही. "फोनवर दर आन फोनवर सोयरीक, दोन्हीत फसगत हाय पावणं," असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः जागेवर जाणार, मूठभर माती उचलून दाबणार, ढेकूळ फोडणार, वास घेणार आणि मग मालकाला न्याहाळत उभे राहणार. मुलीसाठी स्थळ बघायला आल्यासारखे. "निम्मा दर माती सांगती, निम्मा मालकाचं तोंड," हा त्यांचा सिद्धांत.

एकदा त्यांना दरपत्रक छापायची हुक्की आली. आमचा शाहूपुरीत छापखाना आहे, तेव्हा बळीचा बकरा घरचाच. दाजींनी मजकूर सांगितला आणि मी लिहून घेतला. साधी माती, मुरूम, खडक, इथवर ठीक होतं. पुढं म्हणाले, "लिवा, बांधाचं काम, भाऊ हजर असल्यास, दोनशे ज्यादा." मी पेन थांबवलं. "लिवा की! दोन भाऊ बांधावर आलं की तासभर निस्ती भांडणं. डिझेल माझं जळतंय न्हवं?" मालक डोक्यावर उभा राहून सूचना करणार असेल तर शंभर ज्यादा. मालकाचा मेव्हणा सूचना करणार असेल तर तीनशे. घरातल्या बाईमाणसानं सूचना केल्यास काहीच ज्यादा नाही, कारण "त्यास्नी नेमकं काय पायजे ते ठाव असतंय." पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर दोनशे कमी, आणि शाळेचं काम असेल तर फक्त डिझेल. मी मुकाट्यानं दोनशे कार्डं छापली. आता आमचा दोघांचा मेव्हणा एकच. नेमकं कार्ड त्याच्या हाती लागलं आणि त्या दिवाळीला आम्हा दोघांच्याही घरी फराळाचा डबा आला नाही.

दाजींपुढं घासाघीस केलेली चालत नसे. कुणी 'कमी करा' म्हटलं की ते पन्नास वाढवत. रिंगरोडला बंगला बांधणाऱ्या एका साहेबांना हे ठाऊक नव्हतं. दाजी म्हणाले, "बाराशे." साहेब म्हणाले, "जरा कमी करा की." "साडेबाराशे." "अहो, तुम्ही वाढवताय!" "तेराशे." साहेब शिकलेले, ते तर्कानं वाद घालायला लागले आणि प्रत्येक तर्काला पन्नास रुपये मोजत गेले. शेवटी त्यांची बायको आतून धावत आली आणि ओरडली, "अवो, गप बसा की! सोळाशे झालं!" तिच्या शहाणपणावर खूष होऊन दाजींनी दर पुन्हा बाराशेवर आणला. दाजींच्या या ताठ्याचं मला फार कौतुक वाटायचं. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांपुढं 'बघा, काय द्यायचं ते द्या' म्हणत मान खाली घातलेला माणूस.

पण एवढ्या पोलादी माणसालाही एक भोक होतं. समोरचा गप्प बसला की दाजी विरघळायचे. "घासाघीस करतोय त्याच्याजवळ पैसा असतोय पावणं. जो गप बसतोय त्यो अडचणीत असतोय," हे त्यांनी कुठून काढलं होतं देव जाणे. जोतिबाच्या डोंगरावर एका नारळ-गुलालवाल्याला यात्रेकरूंसाठी खोल्या बांधायच्या होत्या. दाजींनी माती बघून पावणेबाराशे सांगितले. दुकानदार काही बोलेना. नुसता खाली मान घालून उभा. दाजींनी अकराशे केले. तरी गप्प. हजार केले. त्यानं हताशपणे हात हलवला. दाजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या मालक, नऊशे द्या. पर जिवाला लावून घेऊ नका." दुकानदारानं बाजूला जाऊन पिंक टाकली, मग म्हणाला, "बरं." एवढा वेळ त्याच्या तोंडात पान होतं! तीन दुकानं, घाटाखाली ऊसशेती, आणि त्याच्या जिवाला कसलं लागतंय!

ही बातमी डोंगरावरनं खाली यायला किती वेळ लागणार? महिन्याभरात पन्हाळ्यापासून करवीरपर्यंत साऱ्यांना कळलं, की दाजींपुढं दर ऐकायचा आणि तोंडाला कुलूप घालायचं. एरवी दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी बाजार डोक्यावर घेणारी माणसं दाजी आले की संत होऊन उभी राहू लागली. एकानं तर डोळेही मिटले होते. दाजी रोज संध्याकाळी मला सांगायचे, "लोकांची परिस्थिती लै बिकट झालीया पावणं. कोण बोलतच न्हाय."

शेवटी त्यांची मुलगी पल्लवी वही घेऊन बसली. पल्लवी सिव्हिलचा डिप्लोमा झालेली, बापासारखीच खणखणीत आणि अस्सल कोल्हापूरची, म्हणजे 'मी जाते' न म्हणता 'मी जातो' म्हणणारी. तिनं डिझेल धरलं, ऑपरेटरचा पगार धरला, टायर, ऑइल, फावड्याचे दात, विमा, सगळं धरलं. वर मशीन महिन्यातले निम्मे दिवस दारात उभं असतं, तो खर्चही कामाच्या तासांवर वाटला. हिशोब अकराशेऐंशीवर आला. दाजी सरासरी साडेनऊशे घेत होते.

"उभ्या मशीनचं पैसं मी गिऱ्हाइकाकडनं घ्यायचं?" दाजी खवळले. "त्यानं काय मशीन उभं करा म्हणून सांगितलंय व्हय?"

"मग कुणाकडनं घ्यायचं, पप्पा?" पल्लवी म्हणाली. "मी सांगतो तुम्हाला. गेलं वर्षभर आपल्या मशीनचं डिझेल आईच्या म्हशी भरायला लागल्यात."

दाजींनी आक्कांकडं पाहिलं. आक्का गोठ्याकडं बघत होत्या. दुधाच्या पैशाचं त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्यावरची न दिसणारी धूळ झटकत राहिले.

मग घरात ठरलं. मलकापूरच्या पुढं शेतकऱ्यांची एक पाणी संस्था होती, तिचं पाइपलाइनच्या चरीचं चार महिन्यांचं काम निघालं होतं. ते बाराशेपन्नासनं मिळालं तर मशीन ठेवायचं, नाहीतर विकायचं. सांगलीचा एक दलाल येऊन मशीनच्या टायरला लाथा मारून गेलाही होता. त्या दिवशी दाजी छापखान्यात येऊन बसले, चहाला नको म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर. "पैशाचं सोडा पावणं," ते म्हणाले, "म्हशी हायत, दोन घास मिळतील. पर मशीन गेलं तर मला कोण कशाला इचारतंय? आज चार मान्सं दारात येत्यात, 'दाजी, दर काय' म्हणत्यात. उद्या कोण येणार?" आरोळीवाल्या माणसाचा एवढा बारीक आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि मला भडभडून आलं.

मलकापूरला आम्ही तिघं गेलो. मला न्यायचं कारण एवढंच, की माझ्याकडं धुतलेला सदरा होता आणि बैठकीला एक वजनदार पाहुणा लागतो. वाटेत पल्लवीनं दाजींकडून शपथ घेतली, की काही झालं तरी आकडा तोंडातून काढायचा नाही. दाजी म्हणाले, "माझा शब्द म्हंजी शब्द." पल्लवी म्हणाली, "शब्दच नको हाय, पप्पा."

संस्थेचे चेअरमन आणि चार पंच आमची वाट बघत होते. दाजींनी आधी सवयीनं बाहेर जाऊन माती बघितली, परत येऊन लेकीच्या कानात "खाली जांभा हाय, पर फुटतोय" एवढं सांगितलं आणि बसले. भडंगाच्या ताटल्या आल्या. पल्लवीनं वही उघडली आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "तासाला बाराशेपन्नास. जाण्यायेण्याचं वेगळं काय नाही."

आणि चेअरमन गप्प बसले. पाची जण एकदम, तालीम केल्यासारखे. माना खाली, चेहरे सुतकी. बातमी मलकापूरलाही पोचली होती! पल्लवीही गप्प. दोन मिनिटं गेली. पाच गेली. दाजींची मला काळजी वाटायला लागली. त्यांच्या कपाळावर घाम आला, ओठ हलायला लागले, 'अक...' असा काहीतरी आवाज आला आणि पल्लवीनं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. त्याबरोबर दाजींनी ताटलीतलं भडंग मूठभर उचललं आणि तोंडात कोंबलं. मग दुसरी मूठ. मग तिसरी. ते भडंग शाहूवाडीतल्या कुणा रागीट बाईनं केलेलं असावं. मी दोन दाणे खाल्ले तर कान गरम झाले. दाजींचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण तोंड काही उघडलं नाही.

चेअरमननी मान वर करून बघितलं आणि दचकले. "आवो पावणं, रडतासा कशापायी?"

दाजींनी नुसते हात जोडले. पंच एकमेकांकडं बघायला लागले. एक म्हातारे पंच चेअरमनच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "पोरीनं लै खाली दर सांगितलेला दिसतोय. बाप रडतोय तिथं." चेअरमन विरघळले. दाजींच्या जवळ सरकून म्हणाले, "हे बघा, तुमचं नाव आम्ही लै वर्षं ऐकतोय. ताईंची वही ऱ्हाऊ द्या बाजूला. तुमच्या तोंडानं सांगा. तुम्ही म्हणशिला त्यो दर."

आली का पंचाईत! दाजी तांब्याभर पाणी प्याले, त्यांनी डोळे पुसले. पाच माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत होती. असा प्रश्न ऐकण्यासाठीच तर हा माणूस जगत आला होता. मी मनातल्या मनात अंबाबाईचं नाव घेतलं. दाजी सदरा नीट करून बसले आणि सावकाश म्हणाले, "दर तिला इचारायचा. आमच्यात दर ती ठरवती."

बाराशेपन्नासला काम पक्कं झालं. नारळ फुटला, गूळ-खोबरं झालं. पल्लवीचा चेहरा फुलला होता आणि तिनं सगळ्यांच्या देखत बापाच्या पायाला हात लावला. मशीन राहिलं. आक्कांना फोन केला तेव्हा त्या नुसतं "बरं झालं" म्हणाल्या आणि म्हशींची धार काढायची राहिलीय म्हणून त्यांनी फोन ठेवला.

परतताना आम्ही बांबवड्याला चहाला थांबलो. पल्लवी ऑपरेटरला फोन करायला म्हणून गाडीपाशीच राहिली. चहा पुढ्यात आला तरी दाजी रस्त्याकडंच बघत होते.

"पोरगी माझ्यापरास चांगला दर लावती पावणं," ते म्हणाले.

"व्हय की."

"मी येवढी वर्षं चुकलो म्हना की."

मी म्हटलं, "दाजी, तुमच्या चुकलेल्या दरानं किती जणांच्या विहिरी झाल्या ते मोजा की." ते थोडं हसले. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "तुमच्या पोरानं छापखाना हातात घेतला, तवा तुम्ही काय केलासा?"

हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. "पहिलं आठ दिवस रोज सकाळी जाऊन कुलूप काढून दिलं. मग एक दिवस त्यानं दुसरी किल्ली करून घेतली."

"आन मग?"

"मग काय! अजून जातो. बसतो. कोण ओळखीचं आलं तर चहा सांगतो."

दाजींनी मान हलवली. माझा हात त्यांनी आपल्या रापलेल्या हातात घेतला आणि दोनदा थोपटला. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला, आणि पाठोपाठ पल्लवीची हाक सबंध बांबवड्याला ऐकू गेली. आवाज थेट दाजींचा.

दाजी गुडघ्यावर हात टेकून उठले, डोक्यावर टोपी नीट बसवली आणि मला म्हणाले, "चला पावणं. मालकीणबाई बोलवत्यात."