स्वॅप फाइल : चाळीस की एकेचाळीस?

संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे सुटे स्क्रू आणि किस्से न मागता साठत जातात. स्क्रू मी एका डबीत ठेवले आहेत. किस्से इथे मांडतो. एम.एस्सी. करून मी परळीला परतलो तेव्हा गावात घरगुती संगणक मोजकेच होते. हे सगळे किस्से त्यांपैकी एकाचे, कापड दुकानदार शिवलिंगअप्पांच्या घरच्या संगणकाचे. त्यावर त्यांची सून सुरेखा लिंबागणेश परिसरातल्या ओव्यांवर एम.ए.चा प्रबंध टाइप करत होती. महिनाअखेरीस तो विद्यापीठात पोचला नाही, तर तिचे वर्ष वाया जाणार होते.

*

रॅम सोळा एमबी, हार्ड डिस्क एक जीबी. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, अपुरी पडली की संगणक डिस्कवरची थोडी जागा वापरतो, तिला स्वॅप फाइल म्हणतात, एवढे मी अप्पांना सांगितले. ती किती ठेवायची, हे मी दुसऱ्या दिवशी सांगणार होतो.

सकाळी सुरेखाचे तिसरे प्रकरण सेव्ह होईना. अप्पांनी स्वॅप फाइल सातशे एमबी करून ठेवली होती!

"गोदाम मोठं असलं की माल अडत न्हाई, सर."

"अप्पा, गोदाम लई मोठं झालं," सुरेखा म्हणाली, "आता दुकानालाच जागा न्हाई."

*

ओशाळून अप्पांनी ती शून्य केली. डिस्क मोकळी झाली खरी, पण प्रबंधातली छायाचित्रे उघडली की मेमरी संपल्याचा संदेश येऊन संगणक थांबे.

*

मग मी स्वॅप फाइल रॅमच्या अडीचपट धरली, किमान आणि कमाल दोन्ही रकान्यांत चाळीस भरले आणि आकडा कागदावर लिहून दिला. काम सुरळीत चालू लागले. आठवड्याने पाहतो तर दोन्हीकडे एकेचाळीस!

"शून्यावर संपणारा आकडा शुभकार्यात आमी देत न्हाई," अप्पा म्हणाले.

एका एमबीने काहीच बिघडत नव्हते. मी कागदावरही दुरुस्ती केली.

*

प्रबंध वेळेत छापून झाला. पाने बरोबर शंभर. बांधणीला देताना अप्पांनी शेवटी एक कोरे पान घातले. मी विरोध केला. सुरेखाने केला नाही.

पुढचे तिनेच सांगितले. तोंडी परीक्षेत परीक्षक पाने उलटत शेवटी आले आणि थांबले. एकशे एकावे पान कोरे का, असे त्यांनी विचारले.

"जागा ठेवलीय, सर. लागली तर असावी म्हणून."

परीक्षकांनी पेन काढले आणि ‘उत्तीर्ण’ हा शेरा त्याच पानावर लिहिला.